दोन कानांची गिटार

वसंतातल्या या संध्याकाळच्या व्याख्यानांना इतिहास, संतवाङ्मय, शेती, आरोग्य असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्यांच्या पंगतीत 'घरच्या घरी गिटारीचे ध्वनिमुद्रण' हा पाहुणा जरा परकाच. पत्रिका वाचून एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला रस्त्यातच गाठले आणि विचारले, "भोरात गिटार ऐकायला येणार कोण?" त्यांना मी एवढेच म्हणालो, की विषय गिटारीचा खरा, पण तो सुरू होतो जात्याच्या ओवीपासून. ते आले, आणि शेवटपर्यंत बसले. त्या दिवशी टेबलावर दोन लहान स्पीकर मांडून मी काही प्रयोग करून दाखवले होते. छापील पानातून आवाज काढता येत नाही, म्हणून येथे प्रयोगांच्या जागी चार शब्द अधिक घातले आहेत.

गोष्ट वेल्ह्याकडच्या एका गावची आहे. चेलाडीवरून नसरापूर मागे टाकून आत गेले की एका अंगाला राजगड आणि पुढे तोरणा दिसू लागतो, त्या खोऱ्यातली. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नोकरी करतो आणि सुटीला गावी येतो. गिटार बरी वाजवतो. त्याच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात; किती, ते तिलाही सांगता यायचे नाही. आपल्या पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातूनच हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी १९८० नंतरच्या काळात अशा ओव्या गोळा करण्यास प्रारंभ केला आणि पुढे महाराष्ट्रभर फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या लोकांसमोर ठेवण्याचे काम चालवले आहे. पण या आजींपर्यंत कोणी पोहोचले नव्हते. नातवाने एका सुटीत घरातले जुने जाते मांडून, समोर फोन ठेवून आजीच्या दहा-बारा ओव्या टिपून घेतल्या. पुढच्याच हिवाळ्यात आजींचा आवाज बसला, तो पुन्हा उघडला नाही. म्हणजे जे टिपले गेले तेवढेच उरले. ते पुन्हा करता येण्यासारखे नव्हते.

या ओव्यांना गिटारीची साथ द्यावी असे त्याच्या मनाने घेतले. आजींची त्याला हरकत नव्हती. त्या एवढेच म्हणाल्या, "बाबा, त्या तारंचं मला काय कळत न्हाई. माझं गाणं झाकू नको, म्हंजी झालं." या एका वाक्यात सगळा प्रश्न आला आहे, आणि माझे आजचे भाषण म्हणजे त्याचेच उत्तर आहे.

मुलाने बुद्धीने काम केले. आजींचा आवाज मधोमध राहू द्यायचा आणि गिटार दोन्ही बाजूंना पसरून द्यायची, म्हणजे आवाज झाकला जाणार नाही. कल्पना शंभर टक्के बरोबर. पण गिटार पसरावी कशी? त्याने ती एकदाच वाजवली, संगणकावर तिची एक प्रत केली, मूळ डावीकडे आणि प्रत उजवीकडे ठेवली. विस्तार काही मिळेना. गिटार मोठी ऐकू येई, पण मधेच. मग कोणीतरी सांगितलेला उपाय त्याने केला: एका बाजूची लहर उलटी केली. हेडफोन लावून ऐकताच तो थक्क झाला. गिटार डोक्याच्या भोवती, थेट मागून वाजल्यासारखी! त्याने मलाही ऐकवले. मला ते जरा विचित्र वाटले होते, पण तरुण माणसाच्या उत्साहावर विरजण नको म्हणून मी गप्प बसलो. ही माझी चूक.

गावच्या जत्रेत मांडवाच्या खांबांवर कर्णे लावले होते. सगळे कर्णे एकाच तारेवर. मुलाने हौसेने ती ओवी लावली. कर्ण्यातून आजींचा आवाज आला, जात्याची घरघर आली, आणि गिटार अजिबात नाही! एक टणत्कारही नाही. लोक खूश होते. "म्हातारीचं काय स्वच्छ ऐकू येतंया," असे म्हणत होते. आजींनीही समाधानाने मान हलवली. मुलगा मात्र पडक्या चेहऱ्याने माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, गिटार गेली कुठं?"

गिटार कोठे गेली हे समजायचे तर आपले कान काम कसे करतात ते आधी पाहिले पाहिजे.

डोळे मिटून बसलेल्या माणसाच्या उजव्या बाजूला नाणे पडले तर तो बरोबर उजवीकडे वळतो. हे त्याला कसे कळते? आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर वेगाने जातो. उजव्या कानाशी तो आधी पोहोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाशी किंचित उशिरा. हा उशीर फार तर दोन-तृतीयांश मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. तेवढा फरक मेंदू ओळखतो. शिवाय डोके मधे आल्यामुळे बारीक, उंच स्वर पलीकडच्या कानाला दबलेले ऐकू येतात. खालच्या स्वरांची दिशा वेळेच्या फरकावरून आणि वरच्या स्वरांची मुख्यतः जोराच्या फरकावरून आपण ठरवतो, हे लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये मांडले. तात्पर्य, दोन कानांना एकच गोष्ट अगदी सारखी ऐकू आली, तर मेंदू म्हणणार, आवाज समोर मधोमध आहे. म्हणूनच त्या मुलाची पहिली युक्ती फसली. प्रत कितीही मोठी केली तरी ती प्रतच. दोन आरशांत एकच माणूस दिसला म्हणून माणसे दोन होत नाहीत.

दोन कानांना निरनिराळा आवाज पुरवण्याची हौस जुनी आहे. १८८१ मध्ये पॅरिसला क्लेमाँ आदेर याने ऑपेरागृहातील गाणे टेलिफोनच्या दोन तारांनी दुसरीकडे ऐकवले होते. दोन कानांना दोन श्रवणनळ्या. पण ध्वनिमुद्रणात हे शास्त्र पक्के बसवले ते ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने. सांगतात की तो पत्नीबरोबर बोलपट पाहत होता. पडद्यावर नट एका टोकाला चाललेला, आणि आवाज मात्र दुसरीकडच्या कर्ण्यातून येतो, हे त्याला सहन होईना. डिसेंबर १९३१ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत बीचम यांच्या दिग्दर्शनाखाली वाजणाऱ्या वाद्यवृंदाचे त्याने दोन ध्वनिग्राहकांनी मुद्रण केले. हा गृहस्थ १९४२ मध्ये, युद्धकाळात, रडारच्या चाचणीच्या वेळी विमान कोसळून अवघ्या ३८ व्या वर्षी गेला. स्टिरिओ तबकड्या दुकानांत आल्या त्या १९५८ मध्ये. त्या पाहण्याचे त्याच्या नशिबी नव्हते.

आता उलट्या लहरीकडे वळू. आवाज म्हणजे हवेचे दाबणे आणि सुटणे. डावा स्पीकर पडदा पुढे ढकलतो त्याच क्षणी उजवा तो मागे ओढत असेल, तर दोन कानांना परस्परविरुद्ध निरोप जातात. मेंदू गोंधळतो आणि त्या गोंधळाचा अर्थ 'आवाज चहूकडून येतो आहे' असा लावतो. हेडफोनमध्ये डावे डाव्या कानात, उजवे उजव्या कानात, त्यामुळे गोंधळ टिकतो. जत्रेच्या कर्ण्यात मात्र दोन्ही बाजू एका तारेत मिसळतात. पाच अधिक उणे पाच, बाकी शून्य. गिटार कोठे गेली नव्हती. तिनेच तिला खाऊन टाकले होते.

बरे, उलटी लहर नको. एका बाजूची प्रत थोडी उशिरा सोडली तर? हाही उपाय सर्रास सांगितला जातो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये दाखवून दिले, की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या फरकाने आला आणि तो फरक सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत असला, तर आपल्याला दोन आवाज ऐकू येत नाहीत. एकच, पण भरलेला ऐकू येतो, आणि तो आधीच्या बाजूने आला असे वाटते. राजगडावर समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली तर ती सुटी परत येते, कारण कडा दूर आहे. घरात बोललेले शब्द भिंतींवरून परत येतात, तरी ते आपल्याला सुटे ऐकू येत नाहीत, त्याचे कारण हेच. या युक्तीने गिटार रुंद होते खरी. पण कर्ण्यात मिसळली की काय होते? समजा उशीर १० मिलिसेकंदांचा आहे. सेकंदाला ५० कंपने असलेला स्वर तेवढ्या वेळात नेमका अर्धी फेरी करतो. तो आपल्याच प्रतीवर उलटा पडतो आणि मरतो. तसेच १५०, २५०, ३५० हे स्वर. गिटारीची जाड तार सुमारे ८२ कंपनांची, बारीक तार सुमारे ३३० ची. म्हणजे हातातल्या वाद्याच्या ऐन क्षेत्रात ठरावीक अंतराने खड्डे पडले. गिटार नाहीशी होत नाही, पण पत्र्याच्या नळीतून वाजल्यासारखी होते. हा दोष चोरट्या पावलाने येतो, म्हणून मला तो पहिल्या दोषापेक्षा वाईट वाटतो.

मग खरा उपाय कोणता? तो आपल्याकडे शेकडो वर्षे मैफलीत बसलेला आहे. गवयाच्या मागे दोन तंबोरे असतात, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. दोन्ही एकाच षड्जात लावलेले. मिरजेच्या एकाच कारागिराच्या हातचे असले, तरी दोन भोपळे कधी सारखे नसतात. जवारी केसभर निराळी असते, आणि तारा छेडणारी बोटे एकाच क्षणी पडत नाहीत. स्वर तोच, पण क्षण आणि पोत निराळा. म्हणून तो आवाज एका तंबोऱ्याच्या दुप्पट मोठा वाटण्याऐवजी खोलीएवढा वाटतो, आणि मधे गवयाला जागा मोकळी राहते. दिंडीत टाळकऱ्यांच्या समोरासमोर दोन रांगा असतात. वीस टाळ एका ठोक्यावर पडतात असे आपण म्हणतो. पण कोणी केसभर आधी, कोणी केसभर नंतर. एकच टाळ वीसपट मोठा करून वाजवला तर तो घण वाटेल. दिंडी वाटणार नाही.

गिटारीचे तेच करावयाचे. एकदा वाजवून प्रत काढायची नाही, दोनदा वाजवायचे. पहिले वादन पूर्ण डावीकडे, दुसरे पूर्ण उजवीकडे. माणसाच्या हातात दर ठोक्याला काही मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि तो सतत बदलत राहतो. म्हणून एका तारेत मिसळले तरी खड्डे एका जागी ठरत नाहीत. बेरीज कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी, पण शून्य कधीच नाही. इंग्लंडात बीटल्स मंडळींना एकच गाणे दोनदा गाण्याचा कंटाळा आला, म्हणून केन टाऊनसेंड या तंत्रज्ञाने १९६६ मध्ये फितीच्या यंत्राने कृत्रिम दुसरा आवाज काढण्याची सोय केली. त्यातही दोन फितींमधला उशीर स्थिर न ठेवता हलता ठेवावा लागे. यंत्रालासुद्धा माणसाची नक्कलच करावी लागली.

दुसरे वादन थोडे निराळे असले तर फारच उत्तम. दुसरी गिटार मिळाली तर ती घ्यावी. नाही तर नखी बदलावी, किंवा बोटांनी वाजवावे. कॅपोचा उपयोग येथे सुंदर होतो. पहिल्या खेपेस 'जी' हा स्वरमेळ मोकळ्या तारांवर धरला असेल, तर दुसऱ्या खेपेस पाचव्या पडद्यावर कॅपो लावून 'डी'चा आकार धरावा. स्वरमेळ तोच मिळतो, पण वरच्या अंगाने. डावीकडे भरदार, उजवीकडे झळझळीत. चार-चार वेळा वाजवून थर चढवणारेही आहेत. मला विचाराल तर ओवीला दोन पुष्कळ झाले. थर वाढले की काठ पुसट होतात.

'दोनदा वाजवा' हे सांगणे सोपे; पण आमच्या मुलाची अडचण पुढेच होती. सामान्यतः लोक कानात ठोका लावून वाजवतात, म्हणजे दोन वादने जुळतात. आजींची ओवी ठोक्यात नव्हती. जाते जड झाले की लय मंद होई, घास टाकताना थांबे, आणि पुढची ओळ हुरूप येईल तेव्हा सुरू होई. त्याने आधी तिला संगणकावर सरळ करण्याचा प्रयत्न केला. मी म्हणालो, "अरे, जात्याला घड्याळ लावू नकोस." मग त्याने आजींचा आवाज तोंडपाठ केला. श्वास कोठे घेतात, खुंटा कोठे ओढतात, हे कळेपर्यंत आठ दिवस नुसते ऐकले. दोन्ही खेपेस तो आजींच्या मागे वाजवत गेला, आणि दुसऱ्या खेपेस पहिली गिटार कानात बंद ठेवली. ती चालू ठेवली की हात तिच्या मागे धावतात आणि दोन्ही आजींपासून सुटतात.

स्वराचेही तसेच. आजींचा षड्ज पेटीच्या कोणत्याच पट्टीत बसत नव्हता. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधे कोठेतरी. गळा वाकवायचा की तारा? उत्तर उघड आहे. सहाही तारा थोड्या उतरवून आजींच्या षड्जाला मिळवल्या. मात्र दोन्ही वादनांच्या आधी पुन्हा नीट मिळवाव्या लागतात. किंचित फरकाने भर येते. जास्त फरकाने नुसता बेसूरपणा येतो.

आता ध्वनिग्राहक. गिटारीच्या पोटाच्या भोकासमोर तो ठेवण्याचा मोह सर्वांनाच होतो. तेथे घुमारा फार. हवेच्या पोकळीचा गुंजारव सुमारे १०० कंपनांच्या आसपास असतो आणि बाकी सगळे बुडवतो. बाराव्या पडद्यासमोर, हातभर अंतरावर, तोंड किंचित भोकाकडे वळवून ठेवावा. दोन ध्वनिग्राहक असतील तर त्यांची तोंडे एकमेकांजवळ आणून काटकोनात ठेवावीत. दोन्ही एकाच जागी असल्याने वेळेचा फरक पडत नाही आणि एका तारेत मिसळले तरी धोका नसतो. विस्तार माफक मिळतो, पण प्रामाणिक.

आणि खोली. नवीन सिमेंटच्या दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत उभे राहून टाळी वाजवा. झर्रर असा पत्र्यासारखा आवाज येईल. समोरासमोरच्या गुळगुळीत भिंतींत आवाज चेंडूसारखा उड्या मारतो. शिवाय दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ कंपनांची आणि तिच्या दुपटीची, म्हणजे ११२ ची लहर नेमकी मावते. तिन्ही बाजू सारख्या असल्या की तिन्हींकडून तोच स्वर फुगतो. जुन्या घरांत मातीच्या ओबडधोबड भिंती, माळ्यावर सामान, अंथरुणांची चवड, त्यामुळे ही पीडा कमी. आमच्या मुलाने आणखी एक गोष्ट केली. आपला भाग भाताचा. सुगीनंतर पेंढ्याला तोटा नाही. त्याने दोन कोपऱ्यांत पेंढ्याच्या गठड्या छातीएवढ्या रचल्या आणि मागे गोधड्या टांगल्या. शहरातल्या दुकानांतून आणलेल्या पातळ स्पंजाच्या चौकोनांपेक्षा त्या गठड्यांनी अधिक काम केले. जाडी ही खालच्या स्वरांना आवरण्यासाठी लागतेच. विजेच्या तारा मात्र पेंढ्यापासून दूर ठेवाव्यात, हे सांगितलेले बरे.

विजेवरून आठवले. आपण वीज गेली की चडफडतो; पण ध्वनिमुद्रणाला ती पर्वणी असते. फ्रीज गप्प, पंखा गप्प, आणि लॅपटॉप बॅटरीवर असल्याने चार्जरमधून येणारी ५० कंपनांची गुणगुणही गप्प. त्यातल्या त्यात ज्येष्ठाच्या आत काम उरकावे. एकदा वेल्ह्याकडचा पाऊस पत्र्यावर सुरू झाला, की दोन महिने दुसरे काही टिपता येत नाही.

दोन्ही वादने टिपल्यावर त्याने गिटारीचा ८० कंपनांखालचा भाग कापून टाकला. तेथे गिटारीचे काही नसते, असतो तो टेबलाचा धक्का आणि पायाचा ठेका. आणि ओवीत ती जागा जात्याच्या घरघरीची आहे. जाते आणि आजी मधोमध, गिटार दोन काठांना. मग सगळ्यांत महत्त्वाची परीक्षा: दोन्ही बाजू एक करून, हळू आवाजात, एका साध्या स्पीकरवर ऐकणे. लोकांच्या घरी, रिक्षात, मांडवात गाणे असेच वाजणार आहे. तेथे गिटार थोडी मागे सरकली तरी चालेल. ती हरवता कामा नये.

मधोमध आवाज आणि काठांना तारा ही मांडणी आपल्या मंडळींना नवीन नाही. मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतले गायक जी. एन. जोशी पुढे एचएमव्ही कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहत. १९६७ मध्ये त्यांच्या निर्मितीत 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी निघाली. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काब्रा गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर धातूचा दांडा फिरवीत, त्यामुळे तिच्यातून मींड निघे. स्टिरिओत ऐकली तर तिन्ही वाद्ये आपापल्या जागी बसलेली दिसतात, हो, दिसतातच म्हणतो; आणि कोणी कोणाला झाकत नाही. ज्यांच्याकडे ती असेल त्यांनी आज रात्री हेडफोन लावून ऐकावी, आणि नंतर एका स्पीकरवर.

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एका मुलीने विचारले, "माझ्याकडे एकच गिटार आणि एकच फोन आहे. मग काय करू?" फोन भिंतीपासून दूर, गोधडीच्या घडीवर ठेव, बाराव्या पडद्यासमोर. एकदा वाजव. मग खुर्ची हातभर सरकव, कॅपो लाव, आणि पुन्हा वाजव. दोन्ही वादने संगणकावरच्या 'ऑडॅसिटी' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रणालीत एकाखाली एक मांडता येतात. एक डावीकडे ढकल, एक उजवीकडे. ती वहीत लिहून घेत होती. "आणि पहिल्यांदा वाजवलेलं दुसऱ्यांदा ऐकायचं नाही ना?" तिने विचारले. तुझे गाणे ठोक्यात असेल तर ऐक, मी म्हणालो. कोणाच्या गळ्यामागे जायचे असेल तर ऐकू नकोस. पुढच्या रांगेत तो वेल्ह्याचा मुलगा बसला होता. त्याने मागे वळून तिला सांगितले, "आणि ते उलटं करायचं बटण दाबू नको."